पेटीतला

तर्जनीच्या टोकातून पाण्याची धार निघाली. धार तरी कसली, शिवणाच्या दोऱ्याएवढी, पण ती सिंकमध्ये तिरकी आणि न थांबता पडत होती. खांद्यापर्यंत येणारा तो काळा रबरी हातमोजा दोन्ही हातांनी उचलून धरून मी नुसता बघत उभा राहिलो. बाकीची चारही बोटं पाण्यानं टम्म फुगलेली आणि बाहेरून कोरडी ठणठणीत. भोक फक्त तर्जनीला. मला राग आला. आधी हातमोज्याचा, मग तो बनवणाऱ्यांचा, मग बिचाऱ्या पाण्याचाही. मी हातमोजा रिकामा केला आणि पुन्हा भरला, जसं काही दुसऱ्या खेपेला तो शरमून नीट वागणार होता. पुन्हा तेवढीच धार, तिथूनच. आदल्या दिवशी जंतू तपासायच्या प्लेटवर ठिपका उगवला तेव्हाच खरं तर सगळं कळलं होतं. पण मी तो ठिपका धूळ म्हणून पाहिला, मग प्रकाशाची तिरीप म्हणून पाहिला, मग चष्मा पुसून पाहिला. आज तो मसुराच्या दाण्याएवढा झाला होता. साईच्या रंगाचा, गोल, गुबगुबीत आणि अत्यंत समाधानी.

आमच्याकडचे उंदीर पेटीत राहतात. पेटी म्हणजे जाड पारदर्शक प्लास्टिकचा पलंगाएवढा फुगा. आत जाणारी हवा गाळलेली असते आणि दाणापाणी, अंथरायचा भुसा, सगळं वाफेवर शिजवून निर्जंतुक केलेलं असतं. या उंदरांच्या पोटात एकही जंतू नसतो. तुमच्या-माझ्या आतड्यात जंतूंची अख्खी वसाहत असते, तशी यांच्या आतड्यात नसते. आम्ही त्यांना कोरे म्हणतो. पेटीच्या भिंतीला हे लांब हातमोजे आतल्या बाजूला बसवलेले असतात. बाहेरून हात घालायचे आणि आत काम करायचं. उंदराला उचलता येतं, पिंजरा पुसता येतो, भुसा बदलता येतो, सगळं करता येतं. स्पर्श तेवढा होत नाही. दर आठवड्याला आतल्या लेंड्या प्लेटवर घालून ऊब द्यायची आणि वाट बघायची. काही उगवलं नाही तर पेटी शाबूत. उगवलं तर झालं, मुसळ केरात. एवढं साधं काम आहे, आणि ते मी इतकी वर्षं न चुकता करत आलो होतो. नवीन लोकांना हातमोजे कसे वापरायचे ते मीच शिकवतो. नखं कापा, अंगठी काढा, आत टोकदार काही धरू नका. माझी नखं कापलेली होती. अंगठी मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनच घालत नाही, आणि त्यावरून घरात काय काय झालं ते वेगळंच.

मॅडमचा, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांचा, प्रश्न मोठा आहे. माणसाचा मेंदू एवढा मोठा झालाच कसा? मेंदू हा घरातल्या बिनकामाच्या वडीलधाऱ्यासारखा, बसल्या जागी सगळ्यांच्या वाटणीचं खातो. एवढं त्याला पुरवलं कुणी? मॅडमना वाटतं, पोटातल्या जंतूंनी. म्हणून पहिल्या पेटीत मोठ्या मेंदूच्या माकडांच्या पोटातले जंतू कोऱ्या उंदरांना दिले, दुसऱ्या पेटीत लहान मेंदूच्या माकडांचे. आणि खरोखर, दोन्ही पेट्यांमधल्या उंदरांच्या मेंदूंची कामं वेगळी दिसू लागली. उंदराचं माकड झालं नाही, तेवढं नशीब. पण मेंदू ज्या कामाला जोर लावतो त्याचा कल आपापल्या माकडाकडे झुकला. मॅडम सभांमधून सांगतात, माणूस एकटा शहाणा झालेला नाही, पोटातल्या बिनभाड्याच्या बिऱ्हाडकरूंना बरोबर घेऊन झालाय. लोक हसतात. मग त्या गंभीर होऊन पुढचं सांगतात. हे बिऱ्हाड पहिल्यांदा येतं ते आईकडून, जन्मताना आणि नंतरच्या काही आठवड्यांत, आणि मेंदूची मुख्य बांधणी नेमकी तेव्हाच चालू असते. हे वाक्य मी निदान पन्नासदा ऐकलंय. दर वेळी माझ्या पोटात काहीतरी हलतं, आणि ते जंतूंचं काम नसावं.

कारण मी स्वतः पेटीतला आहे. सातव्या महिन्यात जन्मलो. मूठभर जीव, जगतो की नाही अशी गत. काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी घातली, पहिल्या दिवसापासून जंतू मारायची औषधं सुरू. घरी आलो तेव्हा बाकीच्या पोरांची त्या वयात हसायला सुरुवात झालेली असते. माझी आत्या मला पेटीतला म्हणायला लागली आणि ते नाव चिकटलं. ताईच्या लग्नात सगळे खाली नाचत होते आणि मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसलो होतो. तेव्हा मला शोधायला आलेल्या पाहुण्यांना आत्यानं समजावलं, जाऊ द्या, पेटीतला आहे तो, त्याला माणसांची सवय नाही. बाबा गेले तेव्हा मी रडलो नाही. पेटीतला. मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोललो नाही म्हणून नोकरी हुकली. पेटीतला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझ्या प्रत्येक अवगुणाचं खापर त्या पेटीवर फुटत गेलं. पेटी बिचारी कुठे बोलायला येणार होती. आणि खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचं होतं. शिकत असताना एकदा वाचनालयात एक प्रयोग वाचला. एका बाजूला अनोळखी उंदीर ठेवतात, दुसऱ्या बाजूला रिकामा डबा. साधा उंदीर जातो अनोळख्याकडे, हुंगतो, चौकश्या करतो. कोरा उंदीर रिकाम्या डब्यापाशीही तितकाच रमतो. ते वाचून मी बसल्या जागी घामाघूम झालो. मला वाटलं, कुणीतरी माझाच फोटो छापलाय. त्या दिवशी ठरवलं की याच विषयात काम करायचं. लोक म्हणतात, ध्यास पाहिजे. ध्यास कसला, मला फक्त आत्याच्या म्हणण्याला पुरावा हवा होता.

म्हणून तिसरी पेटी. मॅडमना ती तुलनेसाठी हवी होती. ज्यांना काहीच दिलेलं नाही असे उंदीर, म्हणजे बाकीच्यांचा फरक मोजता येतो. मी त्यात माझं एक शेपूट जोडलं. म्हटलं, हे कोरे मोठे होऊ देत, वयात येऊ देत, आणि मग, सगळी बांधणी उरकल्यावर, त्यांना जंतू देऊन बघू. उशिरा दिलं तर उपयोग होतो का? ते एकमेकांजवळ जाऊन बसायला लागतात का, की पालथ्या घड्यावर पाणी? मॅडम म्हणाल्या, करा, पण छापताना ते तळटिपेत जाईल. जाऊ दे तळटिपेत. माझं सगळं आयुष्यच तळटिपेत आहे. येत्या आठवड्यात तो डोस द्यायचा होता. गेले कित्येक दिवस मी त्या एका उत्तरावर डोळा ठेवून होतो, आणि तेही का, तर बायको चालली होती.

माझी बायको पुलांची गणितं करते. दुसऱ्या शहरात मोठ्या नदीवर पूल होतोय आणि तिला तिथे बोलावलंय, निदान तीन वर्षांसाठी. तिनं ते मला जेवताना सांगितलं. मग हातातला चमचा खाली ठेवून म्हणाली, तू थांब म्हणालास तर मी त्यांना नाही म्हणून कळवते. मी म्हणालो, तुझं तू ठरव. मला ते सभ्यपणाचं वाटलं होतं. शिकलेल्या माणसानं बायकोला थांब म्हणायचं असतं का, तिच्या कामाच्या आड यायचं असतं का, असं सगळं मनात होतं आणि ते खरंही होतं. पण ती ज्या नजरेनं माझ्याकडे बघत राहिली ती नजर मी ओळखतो. ती रिकाम्या डब्याकडे बघण्याची नजर होती. ठरलं मग, एवढंच ती म्हणाली आणि ताटं उचलली. त्यानंतर घरात पुठ्ठ्याची खोकी यायला लागली. मी वाटेत आलेलं खोकं पायानं बाजूला सारायचो आणि मनात म्हणायचो, जरा थांब, माझ्या उंदरांचं उत्तर येऊ दे. उत्तर हो आलं तर मी तुझ्यामागे येईन, बोलेन, शिकेन. नाही आलं तर माझा इलाज नाही, हे बघ, छापील पुरावा. हे तिला मोठ्यानं कधीच सांगितलं नाही. असलं वाक्य कुठल्या तोंडानं सांगणार? आणि सामानाची गाडी उद्या येणार होती.

भोक कशानं पडलं ते मला पाण्याची धार दिसली त्याच क्षणी कळलं होतं. तिसऱ्या पेटीत एक मादी आहे, डाव्या कानाला खाच असलेली. भुसा बदलून झाला की मी हात लगेच बाहेर काढत नसे. हातमोजा तसाच आत, पालथा, पसरलेला ठेवून द्यायचो. कधीपासून, ते नाही सांगता येणार. खोलीत कुणी नसायचं, हवेच्या पंपाची घरघर तेवढी. बाकीचे उंदीर आपापल्या कोपऱ्यात. ही मात्र यायची. आधी लांबून हुंगायची, मग तर्जनीच्या टोकाशी येऊन बसायची आणि कुरतडायची. जोरात नाही. बाळ बोट चघळतं तसं. रबर जाड, त्यामुळे मला दात लागत नसत, नुसता एक बारीक थरथराट बोटातून कोपरापर्यंत यायचा. मी बोट मागे घ्यायला हवं होतं. नवीन माणसाला मी त्याबद्दल दोन तास झापलं असतं. मी घेतलं नाही. मी तिथं उभा राहून, इकडेतिकडे बघत, चोरून काहीतरी खात असल्यासारखा, तो थरथराट घेत राहायचो. आणि तिनं रबर झिजवत झिजवत एक दिवस भोक पाडलं, आणि माझ्या बोटावरचं जे काही होतं ते आत गेलं. प्लेटवरचा तो साईच्या रंगाचा गुबगुबीत ठिपका म्हणजे मीच होतो.

मॅडमच्या खोलीत मी हातमोजा घेऊनच गेलो, ओला, टेबलावर ठेवायला नको म्हणून हातात धरून. त्यांनी विचारलं, या पेटीत हात कोण घालतं? मी म्हटलं, मी. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून डोळ्यांचे कोपरे दाबले आणि म्हणाल्या, तिसरी पेटी गेली म्हणजे तुलनाही गेली, पहिल्या दोन पेट्यांतला फरक आता कशाच्या जोरावर मांडायचा? मी म्हटलं, निदान उशिराचा डोस देऊन बघू, वागण्यात फरक पडतो का ते. त्यावर त्यांनी माझ्याकडे, मूल हट्टाला पेटल्यावर बघतात तसं, बघितलं. "डोस तर पडलाय ना," त्या म्हणाल्या. "कधी पडला, किती पडला, कुणाला पडला, काहीच माहीत नाही. यातून काय वाचणार आहात तुम्ही?" मग पशुवैद्याला फोन करून त्यांनी उद्याची वेळ ठरवली. नियमच आहे, खराब झालेली पेटी रिकामी करायची, उंदीर संपवायचे, सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून. दारापर्यंत पोचलो तेव्हा त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या की निष्कर्ष न निघणं हाही एक निष्कर्षच असतो. हे वाक्य ज्यानं कुणी शोधून काढलं त्याला तिसऱ्या पेटीत आठवडाभर ठेवायला हवं.

जाण्याआधी मी पेटीपाशी गेलो. नवा हातमोजा बसवलेला होता, चकचकीत, पावडरीचा वास येणारा. आत बघितलं आणि डोकंच फिरलं. उंदीर एकमेकांना चिकटून बसले होते. सगळे नाहीत, पण बरेचसे, एका कोपऱ्यात ढीग करून, एकाची मान दुसऱ्याच्या पाठीवर. कोरे असं बसत नाहीत. म्हणजे फरक पडला होता. की ते नेहमीच असे बसत होते आणि मी कधी नीट पाहिलंच नव्हतं? खाच असलेली ढिगातून बाहेर आली, भिंतीपाशी येऊन दोन पायांवर उभी राहिली. इतके दिवस मी समजत होतो की ही एकटीच निराळी, कोरी असून माणसाकडे येणारी. आता त्या समजुतीच्या मुळालाच कीड लागली होती. ती आली म्हणून भोक पडलं, की आधीच कुठलंसं भोक होतं आणि त्यातून काही आत गेलं म्हणून ती यायला लागली? हा प्रश्न कुठल्याही प्लेटवर उगवणार नव्हता. मी हात आत घातला, सवयीनं. ती धावत आली. मी मूठ मिटून घेतली. ती मुठीभोवती फिरली, नव्या रबराला हुंगून शिंकली, आणि बोट कुठे दडलंय ते शोधत राहिली. मी हात काढला आणि दिवा घालवून निघालो.

रस्त्यानं चालताना मला प्रत्येक गोष्टीचा राग येत होता. दुकानाच्या पायरीवर दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होती, त्यांचा आला. बाकड्यावर एक बाई मुलाच्या तोंडाला लागलेलं काहीतरी पदरानं न पुसता सरळ अंगठ्यानं पुसून तो अंगठा स्वतः चाटून घेत होती, तिचा आला. किती सहज करतात लोक. मी लहानपणी आईच्या मांडीवर बसलेला मला आठवत नाही. ताई बसलेली आठवते, आणि आईच्या दुसऱ्या मांडीवर धान्य निवडायचं ताट. मी तिथून चार हातांवर, फरशीवरच्या भेगेत काडी घालत. कुणी ढकललं नव्हतं मला. मीच जाऊन बसायचो. आणि आई ताटातून मान वर काढून अधूनमधून बघायची, बोलवायची नाही. का बोलवायची नाही? माझ्या मनात त्याचंही उत्तर तयार होतं. पहिल्या दिवसांत तिचा हात मला लागला नाही, तिची सवय मला नाही आणि माझी तिला नाही. सगळं कसं नीट बसत होतं. फक्त उशिरा उपयोग होतो का एवढं कळायचं राहिलं होतं, आणि ते आता कधीच कळणार नव्हतं. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात, माझा तर बोटाच्या टोकाशी आलेला गेला.

घरी आई काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून काही दिवस ती आमच्याकडे आहे. आतल्या खोलीतून चिकटपट्टी ओढल्याचा करकर आवाज येत होता, बायकोची शेवटची खोकी. आईच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली होती. मी हात कोपरापर्यंत धुतले, कामावरून आणलेले पातळ हातमोजे चढवले, बोटं एकमेकांत गुंतवून नीट बसवले आणि बाटली घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. रोज आई मुकाट्यानं मान मागे टाकते. आज तिनं चष्मा काढला, माझे हात बघितले आणि म्हणाली, मी काय तुझा उंदीर आहे? मी म्हटलं, डोळ्यात जंतू गेला तर पंचाईत होईल, गप्प बस. थेंब पडला. डोळे मिटून ती तशीच पडून राहिली, आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलायला लागली.

"त्या पेटीपाशी मलाही घालायला लावायचे असे. जाड होते, पिवळे. लाकडाला हात लावतोय की पोराला, काही कळायचं नाही."

मी म्हटलं, माहीत आहे मला.

"काय माहीत आहे? मी त्याचं टोक फाडायचे, दातांनी." तिनं उजव्या हाताची तर्जनी वर केली. "या बोटाचं. नर्स पाठमोरी झाली की टोक फाडायचं, बोट तोंडात घालून ओलं करायचं आणि पेटीच्या भोकातून हात घालून तुझ्या तोंडात द्यायचं. दूध नळीनं जायचं तुझ्या पोटात, पण चोखायला काही नको का लेकराला? असा चोखायचास की नख दुखायचं माझं."

बाटली माझ्या हातात तशीच राहिली. मी विचारलं, किती वेळा? असल्या प्रसंगीही माझ्या तोंडून नोंद करायचाच प्रश्न निघाला. ती म्हणाली, रोज, मला आत सोडायचे तेव्हा तेव्हा. मी विचारलं, हात तरी धुतलेले असायचे का? हात धुतलेले असायचे, ती म्हणाली, तोंड कुठे धुतलं होतं. आणि स्वतःच हसली, डोळे मिटलेले असताना माणूस हसतं तसं, कुणासाठी नाही. मोठी नर्स होती एक, तिला कळलं असावं. फाटके मोजे ती गुपचूप कचऱ्यात टाकायची आणि नवा जोड काढून ठेवायची. बोलली कधी नाही. डॉक्टर ओरडले असते. आत्यानं तर घर डोक्यावर घेतलं असतं. आणि तू तापला असतास तर मीच मारलं असं झालं असतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही, असं सगळं ती सांगत गेली. तू घरी आलास तरी मला भीतीच वाटायची तुला हात लावायची, आपण केलेलं बाहेर येईल की काय म्हणून. लांबूनच बघायचे मी. तेवढं मात्र चुकलं माझं.

मी खुर्चीच्या हातावर टेकलो. डोक्यात आपोआप सगळं मांडलं जात होतं. जन्मानंतरचे पहिले दिवस. आईच्या तोंडातले जंतू, रोज. औषधांनी मारायचे आणि तिनं पुन्हा आणून सोडायचे. म्हणजे मी कोरा कधी नव्हतोच. माझी पेटी पहिल्या दिवसापासून खराब होती. आत्या, मी, माझी नोकरी, माझी तिसरी पेटी, आम्ही सगळ्यांनी मिळून गळक्या हातमोज्यावर एवढा मोठा निष्कर्ष उभा केला होता. मला हसू यायला हवं होतं. रडूही चाललं असतं. मला आला तो संताप, अगदी लहान मुलाला येतो तसा, हातातलं खेळणं कुणी काढून घेतल्यासारखा.

"मग मी असा का?" मी विचारलं.

"कसा?"

"लांबलांब," मी म्हणालो.

आईनं डोळे उघडले. औषधानं पाणी साचलं होतं, त्यातून तिला मी कितपत दिसत होतो कोण जाणे. "तुझे बाबा कुठल्या पेटीत होते?" ती म्हणाली.

बाबा माझ्या नजरेसमोर आले, वर्तमानपत्र उभं धरून बसलेले. त्यांच्याभोवती घर चालायचं आणि ते एका बाजूनं कागद खाली करून कुणी काही मागितलं तर देत, पुन्हा कागद वर. धडधाकट जन्मलेले, आईच्या दुधावर वाढलेले, बहिणींच्या कडेवर फिरलेले. शेवटच्या आजारात आईनं त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनी तो नीट सोडवून घेतला आणि चादरीखाली ठेवला. मी तेव्हा खोलीत होतो. मला ते योग्यच वाटलं होतं. त्यांच्यावर खापर फोडावं असं मनात आलंही, पण मग त्यांचं कुणावर फोडायचं, आणि त्यांच्या वडिलांचं कुणावर? मागे जात जात शेवटी माणसाचं माकड झालं असतं. माझे हात त्या पातळ मोज्यांत घामानं भिजले होते. मी ते काढले, उलटे झाले, बोटं आत गेलेली. आई म्हणाली, दुसऱ्या डोळ्याचं राहिलं. तो मी उघड्या हातानं केला. तिची पापणी धरायला लागली. पापणी इतकी पातळ असते हे मला माहीत नव्हतं.

आतल्या खोलीत बायको जमिनीवर बसली होती. चिकटपट्टी संपली होती आणि शेवटचं खोकं ती सुतळीनं बांधत होती. पुस्तकं होती त्यात, जड. सुतळी दोन्हीकडून घेऊन तिनं वर गाठीला आणली होती, आणि गाठ मारायला गेली की सुतळी सैल पडत होती. तोंडावर आलेली केसांची बट ती फुंकरीनं उडवत होती. मी दारात उभा राहिलो. तिला सांगावं असं खूप होतं. उंदीर, भोक, आईचं बोट. पण सांगायला लागलो असतो तर त्याचं व्याख्यान झालं असतं, मला माझा आवाज माहीत आहे. आणि सांगून तरी काय? आतापर्यंत निदान एक कारण होतं, तेही आज संध्याकाळी आईनं काढून घेतलं. बायकोनं मान वर केली. माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही, तिनं काही विचारलं नाही. तिनं विचारणं केव्हाच सोडलंय.

"इथं बोट ठेव जरा," ती म्हणाली.

मी खाली बसलो. दोन सुतळ्या जिथं एकमेकींवरून जात होत्या तिथं तर्जनी दाबून धरली. सुतळी खरखरीत होती, तिचे तंतू टोचत होते. बायकोनं दोन्ही टोकं माझ्या बोटावरून घेतली, एकदा वेढा दिला आणि ओढलं. तिची बोटं माझ्या बोटाला लागत होती, सुतळीनं लाल झालेली, गरम. ती थांबली, गाठ आवळायच्या बेतात.

"काढ आता," ती म्हणाली.

मी बोट काढलं नाही. ती पुन्हा म्हणाली, अरे काढ, आवळायचंय मला. मी मान हलवली. मला थांब म्हणायचं होतं आणि तो शब्द काही केल्या तोंडातून बाहेर येत नव्हता, इतका साधा शब्द, रस्त्यावर लोक रिक्षावाल्यालाही म्हणतात. मी बोट आणखी जोरात दाबलं. तिनं सुतळीची दोन्ही टोकं धरून माझ्याकडे बघितलं, आणि तिनं ती सोडली नाहीत, आणि आवळलीही नाहीत.